वरातीचं कुणी आधी सांगत नाही

लेझर एन्ग्रेव्हिंगचं (किरणाने जाळून नावं-नक्षी कोरायचं) घरगुती मशीन घेणं म्हणजे साध्या मुलाशी लग्न ठरवणं. मुलगा खरंच साधा असतो: ॲल्युमिनियमचे चार दांडे, रबरी पट्टे, मोटरी आणि मुठीएवढं लेझरचं डोकं. वरात मागून येते.

पहिला मान चष्म्याचा. किरण निळा, साधारण ४५० नॅनोमीटरचा. त्याला अडवणारी काच नारिंगी किंवा हिरवी. मशीनसोबत चष्मा एकच येतो, घरात डोळे आठ. ‘वॅट’चा आकडाही नीट वाचावा. खोक्यावर ठळक छापलेले ४० बऱ्याचदा भिंतीतून ओढलेल्या विजेचे असतात. लाकडापर्यंत प्रकाश पोचतो तो जेमतेम ५ वॅटचा. बाकीची उष्णता.

जोडणीच्या पुस्तिकेत नुसती चित्रं, अक्षरं मुंगीच्या मापाची. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत, नाहीतर चौकोन कललेला येतो. चाकं आवळली की डोकं अडतं, सैल सोडली की डुलतं. मधली जागा भोक मध्यावर नसलेल्या एका नटात दडलेली असते आणि ती पाना नेमका उचलल्यावरच हुकते. पट्टा ढिला राहिला की वर्तुळाचं अंडं होतं. आमच्याकडे पहिली बॅच अंड्यांचीच निघाली, बायको म्हणाली, “छान, ट्रे पण कर.”

मग सॉफ्टवेअर. लेझरजीआरबीएल फुकट, लाईटबर्न विकत, आणि ड्रायव्हर टाकेपर्यंत कॉम्प्युटर दोघांनाही ओळख देत नाही. ओळख पटली की डोकं न जाळता आखलेल्या जागेभोवती एक प्रदक्षिणा घालतं. घरातल्या सगळ्यांना आवडलेला हा एकमेव भाग. आईने तर त्याला हातही जोडले.

आता धूर. प्लायवुडमधला डिंक जळतो तेव्हा येणारा वास आमच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे. शेजारच्या काकू पहिल्यांदा दूध उतू गेलं का विचारायला आल्या, दुसऱ्यांदा अध्यक्षांना घेऊन आल्या. त्यातून आला एक्झॉस्ट फॅन आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर डोकावणारा चार इंची चुणीदार पाईप. धुराने लाकूड काळवंडू नये म्हणून हवेचा पंप (माशांच्या टाकीला असतो त्याचाच थोरला भाऊ, घुरघुरतो मात्र दुप्पट). कापताना खालचं टेबल जळू नये म्हणून षटकोनी भोकांची जाळी. आणि पठ्ठ्या एकटा सोडायचा नाही, आग लागू शकते, म्हणून शेजारी अग्निशामक सिलिंडर. इतक्यात मशीनची किंमत पार झाली होती. हिशेब मी वहीत लिहिला नाही. वही बायकोची आहे.

मित्र-नातेवाईक हातात काहीबाही घेऊन येऊ लागले. मामांनी रेक्झिनचं पाकीट आणलं. रेक्झिनमध्ये पीव्हीसी, तापलं की हायड्रोजन क्लोराईड सुटतो, तो फुफ्फुसांना लागतो आणि मशीनच्या लोखंडालाही गंज चढवतो. एवढं ऐकून मामा म्हणाले, “म्हणजे जमत नाही.” भाच्याने पारदर्शक ॲक्रिलिक आणलं, निळा किरण त्याच्या आरपार जातो आणि खाली जे असेल ते कोरतो. “म्हणजे हेही जमत नाही,” मामा.

जमतं काय, तर टेस्ट ग्रिड. एका फळीवर बारीक चौकोनांच्या रांगा: आडवा वेग, उभी पॉवर. एका कोपऱ्यात बिस्किटाचा रंग, दुसऱ्यात कोळसा. लाकूड बदललं की नवी ग्रिड. सागाचं माप शिसवाला चालत नाही. मला या फळ्या मनापासून देखण्या वाटतात. इतरांना त्यात काही ‘लिहिलेलं’ हवं असतं.

संक्रांत जवळ आली तशी आईने मुद्द्याला हात घातला. “हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटायच्यात. त्यांवर नाव घालशील?”

मी समजावलं. स्टील चकाकतं, किरण परतवतं. वर खास फवारा मारावा लागेल. वाटी गोल, म्हणजे ती फिरवणारा रोटरी रोलर हवा. शिवाय वाटी निमुळती, रोलरवर फिरता फिरता एका बाजूला सरकणार, म्हणून तिला पकडणारी वेगळी…

“भांडीवाला उभ्या उभ्या घालून देतो रे,” आई म्हणाली. “किर्र करून. पैसेही घेत नाही.”

दोन डझन वाट्या नाव-तारखेसकट संध्याकाळी घरी आल्या. माझी रोटरी तेव्हा भिवंडीच्या गोदामातून ‘लवकरच निघणार’ होती.