हार कुठे घालायचा?

आई पुण्याहून अमेरिकेत रॉचेस्टरला माझ्याकडे आली तेव्हा तिला मॅडिसन स्ट्रीटवरची, बायकांच्या मताच्या हक्कासाठी लढलेल्या सुझन बी. अँथनीच्या नावाची बाग दाखवायला नेलं. ब्राँझची सुझन आणि तिचा मित्र, गुलामगिरीविरुद्ध लढलेला काळा नेता फ्रेडरिक डग्लस समोरासमोर बसलेत, मध्ये किटली, दोन कप. लाओसमध्ये जन्मलेल्या पेप्सी केट्टावाँगचं हे शिल्प, २००१ सालचं. आईने किटलीवर हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, एवढंसंच? हार कुठे घालायचा?"

सुझनचं घर याच रस्त्यावर. १८७२ मध्ये बाई असून मत दिलं म्हणून सरकारी अधिकाऱ्याने तिला इथूनच धरून नेलं. शंभर डॉलर दंड झाला, तो तिने शेवटपर्यंत भरला नाही. आईला हे फार आवडलं.

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या पुण्यातला भिडे वाडा गाजतोय. १८४८ साली ज्योतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो वाडा वर्षानुवर्षे कोर्टात अडकला, २०२३ च्या डिसेंबरात पाडला, आता तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचंय. आमच्या मंडळींचा पहिला प्रश्न: पुतळा केवढा? मी लिहिलं, चार बाकं टाका, फळा लावा, मुलींना बसू द्या. काकांनी लगेच सुनावलं, "तिकडे बसून सांगणं सोपं असतं!" सोपं असतंच. शिवाय ज्यांना शतकभर कुणी चौथऱ्याच्या जवळपासही येऊ दिलं नाही, त्यांच्या माणसांना उंच पुतळा हवासा वाटला तर मी नाक मुरडणारी कोण?

आणि इथल्या चहाचंही फार कौतुक नको. १८६९ मध्ये हे दोघे भर सभेत भांडले. काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळत होता, बायकांना नाही. त्या रागात सुझन काळ्या पुरुषांबद्दल जे बोलली ते आज वाचताना मान खाली जाते. तरी मैत्री टिकली, डग्लसच्या अंत्यविधीत ती बोलली. किटलीकडे बघून यातलं काही कळत नाही. मला मात्र ते भांडणच त्या टेबलावर हवं होतं.

परत गेल्यावर आईने ग्रुपवर टाकलं: "चहाचं टेबल केलंच, तर सावित्रीबाईंसमोर कुणाला बसवायचं?" सोबतिणी फातिमा शेख, सगुणाबाई, की ज्योतीराव... दोन दिवस झाले, कुणी कुणाचं ऐकत नाहीये. काका तर फोनही उचलत नाहीत.