‘आवडीच्या कामाला वाढीव पगार कशाला?’ या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा की, पुरातत्त्वाचे काम मुळात आवडीचे. प्रत्यक्ष खणतात मजूर. तेही वर्षातून चार महिने. तेव्हा कंत्राटी पुरातत्त्वज्ञांचे मानधन वाढवण्यापेक्षा तो पैसा खानापूर तालुक्यातील हलशीच्या प्राचीन देवळांना आणि बेळगावच्या किल्ल्याला द्यावा. हलशीविषयीची ही कळकळ खरी आहे, आणि म्हणूनच त्यातील प्रत्येक मुद्दा तपासून पाहिला पाहिजे.

आवडीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एम.ए. करून आलेल्या मुलामुलींना आवड असतेच. पण आवड आहे म्हणून मोबदला कमी, असे कोणताही कायदा म्हणत नाही. उलट, कायमस्वरूपी कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्या हंगामी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यालाही त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली जगजितसिंग खटल्यात दिला आहे.

‘खणतात मजूर’ हे विधान अर्धे खरे आहे. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीचा बदललेला पोत हाताला लागताच थांबणारे अनुभवी मजूर मी पाहिले आहेत, आणि त्यांची मजुरीही वाढली पाहिजे. परंतु चराजवळ उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाचे काम निराळे असते. बेळगावला लागूनच असलेल्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. अशा ठिकाणी पुढच्या काळातील लोकांनी खणलेला एखादा खड्डा वरच्या थरातून खालच्या थरात उतरलेला असतो; त्याची कड मातीच्या रंगातील किंचित फरकावरून वेळीच ओळखली नाही, तर यादवकाळातील खापरे त्याहून कितीतरी जुन्या सातवाहन थरात नोंदली जातात आणि त्या जागेचा कालक्रमच चुकतो. एकदा काढलेला थर पुन्हा जागेवर बसवता येत नाही. मागे उरतात त्या फक्त नोंदी, आराखडे, छायाचित्रे आणि पिशव्यांत भरलेल्या वस्तू. ज्याच्या डोळ्यांवर आणि नोंदवहीवर हे सगळे अवलंबून आहे, त्याला उन्हात उभे करून महिनोन्‌महिने पैशांसाठी ताटकळत ठेवणे म्हणजे ती नोंदच धोक्यात घालणे होय.

चार महिन्यांचा हिशेब तर मुळातच चुकीचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात चर उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून खोदाई हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालते. मात्र तंबू उठल्यावर खापरे धुणे, प्रत्येकावर शाईने क्रमांक घालणे, त्यांची चित्रे काढणे, थरांचे आराखडे जुळवणे आणि अहवाल लिहिणे, ही कामे खोदाईपेक्षा जास्त वेळ घेतात. नेमणूक मात्र खोदाईबरोबर संपते. मी स्वतः दोन हंगाम पर्यवेक्षक म्हणून काम केले; दुसऱ्या हंगामाचे मानधन पावसाळा उलटल्यावर हाती आले, आणि माझ्या चरातील सर्वांत खालच्या दोन थरांविषयी विचारायला मला कोणी बोलावले नाही, कारण तोवर मी तेथे कोणीच नव्हतो. असे अहवाल वर्षानुवर्षे रखडतात, ही बाब महालेखापरीक्षकांनीही २०१३ च्या अहवालात नोंदवली आहे.

आता पैशाविषयी. देवळाला निधी मिळाला, तरी तो खर्च कोण करणार? केंद्राच्या यादीतील ३,६९३ स्मारकांपैकी केवळ २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक असल्याचे २०२२ साली संसदीय समितीपुढे सांगण्यात आले, आणि त्याच वेळी ५० स्मारके हरवल्याची नोंदही झाली; त्यांपैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ जलाशयांखाली बुडाली आणि २४ सापडतच नाहीत. देऊळ हरवते, तेव्हा त्याची पाहणी करणारे माणूसच तेथे नसते. बेळगाव किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचे, हे आपण आज निश्चितपणे सांगू शकतो, तेही कोणीतरी शिलालेख बसून वाचला म्हणूनच. शिवाय पगाराचा पैसा देवळाच्याच निधीतून काढावा लागतो, असेही नाही. रस्ता वा इमारत बांधणाऱ्याने तेथील उत्खननाचा खर्च उचलावा, हे तत्त्व युरोपने पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठीच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारात मान्य केले आहे. आपल्या तालुक्यांतील रस्ते आणि जलवाहिन्यांच्या अंदाजपत्रकांतही तशी तरतूद करता येईल.

मागणी अवाजवी नाही. नेमणूक अहवाल पूर्ण होईपर्यंत असावी. मानधन दरमहा मिळावे. खोल चराची भिंत कोसळण्याचा आणि सर्पदंशाचा धोका असलेल्या जागी विमा आणि प्रथमोपचाराची सोय असावी. स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह पहिल्या दिवसापासून असावे, शिबिर संपत आल्यावर नव्हे. आणि ज्याने चर सांभाळला, त्याचे नाव त्या चराच्या अहवालावर छापले जावे.