वजन उचललं म्हणून किडनी बसत नाही

परभणीकडच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर पंधरवड्यात तीनदा एकच मेसेज आला: ‘डायलिसिसच्या पेशंटनं वजन उचलू नये. स्नायू झिजतात, क्रिएटिनिन वाढतं, फिस्टुला फुटतो. पूर्ण विश्रांती घ्यावी.’ (क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा; फिस्टुला म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशननं हातातली धमनी अन् शीर जोडून केलेली जागा.) आमच्या अण्णांनी तो वाचला आणि पाण्याचा तांब्या उचलणंही सोडलं.

स्नायू झिजतात हे खरंय, पण व्यायामानं नाही. किडनी बसली की रक्तात आम्ल साठतं, त्यानं स्नायूतलं प्रथिन मोडतं. डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे बारके घटक, वाहून जातात, भूक तर मेलेलीच. वर खाटेवर पडून राहिलं की उरलंसुरलंही गेलं. अण्णांना जेवून जमिनीवरनं उठायला दोघं लागायचे.

आता क्रिएटिनिन. ते बनतंच मुळी स्नायूत. त्यामुळं अंगात मांस असलेल्याचा आकडा थोडा जास्तच असतो. डायलिसिसवर खाणं तुटून हाडं वर आलेल्या माणसाचा आकडा उतरतो, अन् डॉक्टर त्यालाच घाबरतात. आमच्याकडं मात्र तो उतरला तेव्हा पेढे वाटायचे तेवढे राहिले होते! किडनी अजून पूर्ण गेलेली नाही, डायलिसिस सुरू नाही, अशा 26 जणांवरचा अमेरिकेतला अभ्यास 2001 साली छापून आला. कमी प्रथिनांच्या जेवणावर ज्यांनी 12 आठवडे वजनाचा व्यायाम केला, त्यांचे स्नायूतंतू जाड झाले आणि किडनीचं काम काही खालावलं नाही.

पण म्हणून उलट्या टोकाचे, ‘दंड कमवा’वाले व्हिडिओही खरे धरू नका. सिडनीत 49 जणांचा अभ्यास झाला, तो 2007 मध्ये आला. डायलिसिस चालू असतानाच 12 आठवडे व्यायाम. ताकद वाढली, स्नायूतली चरबी घटली, पण स्नायूचा आकार म्हणावा तसा वाढला नाही. ताकद आधी येते, आकार आला तर मागून. आमच्या वयाच्या माणसाला ताकदच पाहिजे ना?

फिस्टुलाचं थोडक्यात: ऑपरेशननंतर हातात चेंडू दाबायला डॉक्टरच सांगतात. त्या हातानं किती वजन उचलायचं तेही त्यांनाच विचारा. पाय तर मोकळेच आहेत. छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा पोटॅशियम चढलंय, त्या दिवशी मात्र काही नको.

फिजिओथेरपिस्टनं अण्णांना खुर्चीत बसून, घोट्याला अर्ध्या किलोची पिशवी बांधून गुडघा सरळ करायला सांगितलं. आईनं जुन्या धोतराची पिशवी शिवून ज्वारी भरली. परवा सप्ताहाच्या पंगतीतनं अण्णा एका हाताचा टेकू घेऊन आपले आपण उठले. तांब्या अजून आईच भरून देते, पण ते डायलिसिसवर बेतानंच प्यायचं पाणी मोजायला.