‘आधी पाणी-रस्ता, बायकांचं मग बघू’ म्हणणाऱ्यांना

नात्यातल्या एका मुलीला सहावा महिना लागलाय. तपासणीत रक्त कमी निघालं, आशाताईंनी लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं घरी आणून दिली आणि सासूबाईंनी ती उचलून फडताळात टाकली. कारण व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज. तोच मेसेज दोन दिवसांनी आमच्या भावकीच्या ग्रुपवर पडला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी गावोगाव पाणलोटाच्या कामावर असते, त्यामुळे ‘ताई, तुम्हीच सांगा’ म्हणून तो मला चार ठिकाणांहून आला. तर सांगते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गावाला पाणी, रस्ता, वीज द्या, आरोग्य आपोआप येतं. आपल्या आज्या भाकरी-ठेचा खाऊन ठणठणीत होत्या, रक्त कमी असणं हे आताचं फॅड. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं आणि मोठं होतं, मग सिझर, म्हणजे दवाखान्यांचा धंदा. बायकांना बैठकांना नेऊन घरं मोडतात. परसबाग आणि पोषणाची प्रशिक्षणं म्हणजे पैसे खायची सोय.

गोळीचं आधी घेते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी नुसतं डोकं फिरतं, याने जीव जातो.

बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीकडून नाही. गोळी तर लाल असते, मग बाळ लाल का होत नाही, हे मेसेजवाल्याने सांगितलेलं नाही. काळी होते ती शी, कारण अंगात न शोषलेलं लोह तिथून बाहेर पडतं. मळमळतं, पोट साफ होत नाही, हेही खरं आहे. ते कुणी आधी नीट सांगत नाही, म्हणून बाई दोन-चार दिवसांत गोळी सोडते आणि असल्या मेसेजचं फावतं. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. जमलं तर वर लिंबू पिळलेलं पाणी प्या.

‘बाळ मोठं होतं’ म्हणे! उलट आईचं रक्त फार कमी असेल तर बाळ दिवस भरायच्या आधी किंवा अडीच किलोच्या आतलं जन्मायचा धोका वाढतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय धरतात. बाळंतपणात रक्त गेलं, तर १२ वाली बाई ज्यातून तग धरून उठते, त्यातच ६-७ वाली हातची जाते. म्हणून गरोदरपणात किमान १८० दिवस रोज एक गोळी द्यायची असं सरकारी धोरण आहे, आणि रक्त कमी असेल तर डोस डॉक्टर वाढवतात. ही गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. फुकटच्या गोळीत धंदा कुणाचा?

आता त्या ठणठणीत आज्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. नुसतं विचारलं नाही, तपासलं. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा गुप्तरोगांपैकी एक तरी आजार निघाला, आणि आजारांची सरासरी बाईमागे साडेतीनच्या वर. आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका किती? ८ टक्के. त्या काळात त्या गावांत कुणालाही विचारलं असतं, तर ‘आमच्या बाया धडधाकट आहेत’ हेच ऐकायला मिळालं असतं. कारण बाई बोलत नव्हती आणि तिला विचारणारंही कुणी नव्हतं. तुमची आजी ठणठणीत होती हे तुम्हाला कुणी सांगितलं, आजीने? आणि ज्या बाळंतपणात गेल्या, त्या कुणाची आजी व्हायला उरल्याच नाहीत.

रक्तक्षय आजही फॅड नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या फेरीत ४८ टक्के होता. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, नळ आले आणि आकडा वर गेला.

म्हणूनच ‘आरोग्य आपोआप येतं’ हे माझ्यासारखीला सगळ्यात जास्त लागतं. बंधारे, शेततळी, चर, या सगळ्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. पाणी आलं की काय होतं ते पाहते. बाजरीच्या जागी कांदा येतो, दारात जर्सी येते. कांद्याची लागण आणि खुरपणी बायकांच्या कमरेवर, गाईचं वैरण-शेण-धारही तिच्याच हातची. सकाळी किटली संकलन केंद्रावर जाते, घरात चहापुरतं दूध राहतं. दहा दिवसांचा दुधाचा पगार नवऱ्याच्या खात्यात. दुपारी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ती टोपल्याशी बसते तेव्हा कालवण संपलेलं असतं, मग भाकरी आणि ठेचा. मेसेजवाल्याला ज्याचं कौतुक आहे तोच. घराचं उत्पन्न दुप्पट झालं तरी या ताटात काही आपोआप पडत नाही. उलट काम वाढतं आणि ताट तेवढंच राहतं.

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचं उदाहरण नेहमी उलटं सांगितलं जातं, की तिथे आधी पाणी आलं आणि बाकीचं मग. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे गेले तेव्हा लोकांनी दवाखान्याआधी पाणी आणि अन्न मागितलं, हे बरोबर. त्यांनी पाण्याचं कामही केलं. पण त्याच्याच जोडीने गावातल्या बायका, त्यातल्या कितीतरी अक्षरओळख नसलेल्या, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ दोन्ही चालवली. पाणी आधी आणि बायका दहा वर्षांनी, असं तिथे झालं नाही.

बैठकांनी घरं मोडतात, या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. दर ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची हे कायद्यातच आहे.

राहिला पैसे खाण्याचा मुद्दा. खोटं कशाला बोलू, यात तथ्य आहे. चहा-वडापाव, बॅनरसमोर फोटो, सह्यांचा कागद की झालं पोषण प्रशिक्षण, असे कार्यक्रम मी पाहिलेत. परसबागेला बियाणं वाटलं आणि पाण्याचं कुणी पाहिलंच नाही, हेही पाहिलंय. पण रस्त्याच्या डांबरात पैसे खाल्ले म्हणून रस्तेच नकोत, असा मेसेज कुणी पाठवत नाही.

ज्यांना खरंच पैशाची चिंता आहे त्यांनी एक करावं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत उभं राहून त्या रकमेचा बाबवार हिशोब मागा. किती जमले, कशावर गेले, महिला सभेने काय सुचवलं होतं आणि त्यातलं काय झालं. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणाले, तर तेवढं इतिवृत्तात लिहून घ्या. आणि त्या उत्तराचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाका, मीही पुढे पाठवीन.