पाचवं नाव कुठून येतं?

जानेवारी उजाडला की एक मजकूर न चुकता फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच असतं: "ऑस्करची नामांकनं ओळखायला फार डोकं लागत नाही. गोल्डन ग्लोबची यादी समोर ठेवा आणि उतरवून काढा. ज्याचं काम सगळ्यांना आवडलं तो पाचात येतोच. राहिलेल्या जागा पैसा ओतणाऱ्या स्टुडिओच्या. प्रमुख कोण, सहायक कोण, हेही स्टुडिओच ठरवतो. आणि आपला सिनेमा ऑस्करच्या यादीत आला, की नामांकन एका पावलावर."

मी बरीच वर्षं वहीत प्रत्येक विभागाची पाच-पाच नावं लिहून नामांकनांची वाट बघत आलो आहे. माझे अंदाज भरपूर चुकतात. पण ते का चुकले हे शोधताना जे कळत गेलं, त्यातलं काहीच या मजकुरात नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ग्लोब हे ऑस्करच्या आधी दिले जाणारे अमेरिकी पुरस्कार. त्यांची यादी उतरवायची म्हटलं तरी ती उतरवता येत नाही. ग्लोबमध्ये प्रमुख अभिनेत्रीचे दोन विभाग असतात, एक ड्रामाचा आणि एक संगीतिका किंवा विनोदी चित्रपटांचा. २०२४ पासून प्रत्येक विभागात सहा नावं असतात. म्हणजे नावं झाली बारा आणि ऑस्करच्या जागा पाच. बारातली कुठली सात गाळायची, हे मजकूर सांगत नाही, आणि खरा प्रश्न तर तोच आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मतदार वेगळे आहेत. ग्लोबचे विजेते पत्रकार निवडतात. कित्येक वर्षं हे काम शंभराच्याही आतल्या मंडळींच्या एका संघटनेकडे होतं. ती २०२३ मध्ये गुंडाळली गेली आणि आता देशोदेशीचे तीनशेहून अधिक पत्रकार मत देतात. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार दहा हजारांच्या घरात आहेत आणि ते सिनेमात काम करणारे लोक आहेत. नामांकनाच्या फेरीत नट नटांना मत देतात, संकलक संकलकांना, छायालेखक छायालेखकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची दहा नावं तेवढी सगळे मिळून ठरवतात. एका गटाची आवड बघून दुसऱ्याची छातीठोकपणे सांगायची, हे शेजारच्या वर्गाचा निकाल बघून आपले मार्क सांगण्यासारखं आहे.

२०१७ मध्ये 'नॉक्टर्नल ॲनिमल्स'साठी सहायक अभिनेत्याचा ग्लोब ॲरन टेलर-जॉन्सनला मिळाला. ऑस्करचं नामांकन त्याच चित्रपटातल्या मायकल शॅननला मिळालं, आणि शॅननला ग्लोबचं साधं नामांकनही नव्हतं. सिनेमा एकच, विभाग एकच. पत्रकारांना एक नट भावला, नटांना दुसरा. २०२० मध्ये 'रॉकेटमॅन'साठी ग्लोब जिंकलेला टॅरन एजर्टन ऑस्करच्या पाचात आलाच नाही. ग्लोबचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. डिसेंबरात तिथे नाव आलं की अकादमीचे सभासद तो सिनेमा बघायला घेतात, आणि न बघितलेल्या सिनेमाला कोण मत देणार? पण ती झाली वर्दी. निकाल नव्हे.

यावर जाणकार म्हणतात, ग्लोब सोडा, गिल्ड बघा, म्हणजे नट, दिग्दर्शक अशा एकेका व्यवसायाच्या संघटनांचे पुरस्कार; तिथे तर कलाकारच मतदार असतात. हे जास्त बरोबर आहे. बहुतेक वर्षी पाचातली तीन-चार नावं जुळतात. पण १० जानेवारी २०१३ ची संध्याकाळ मी विसरलेलो नाही. दोनच दिवस आधी दिग्दर्शकांच्या गिल्डची पाच नावं आली होती: ॲफ्लेक, बिगेलो, हूपर, ॲंग ली, स्पीलबर्ग. मी ती जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली होती. त्या संध्याकाळी ऑस्करची नावं वाचली गेली तेव्हा त्यातली फक्त ली आणि स्पीलबर्ग निघाली. मायकल हानेके, बेन झाइटलिन आणि डेव्हिड ओ. रसेल आत होते. 'अर्गो'च्या बेन ॲफ्लेकने पुढे ग्लोब, बाफ्ता (ब्रिटनचे चित्रपट पुरस्कार) आणि गिल्ड या तिन्ही ठिकाणी दिग्दर्शनाचा पुरस्कार जिंकला, 'अर्गो' त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही ठरला, पण दिग्दर्शनाचं ऑस्कर नामांकन त्याला नव्हतं. नंतर तारखा ताडून बघितल्या. अकादमीचं मतदान ४ जानेवारीलाच संपलं होतं आणि गिल्डची यादी आली ८ तारखेला. मी जिला मार्गदर्शक धरून बसलो होतो, ती यादी मत देताना एकाही मतदारासमोर नव्हती.

गिल्डमध्ये हजारो सभासद, त्यात टीव्हीचे दिग्दर्शक आणि सहायक दिग्दर्शकही. अकादमीची दिग्दर्शक शाखा काहीशे जणांची, आणि त्यात अमेरिकेबाहेरची माणसं बरीच. फरक नेमका कुठे पडतो तो अमेरिकेबाहेरच्या या दिग्दर्शकांत बघा. २०१९ मध्ये पावेल पावलिकोव्स्की, २०२१ मध्ये थॉमस विंटरबर्ग, २०२२ मध्ये र्‍युसुके हामागुची, २०२३ मध्ये रूबेन ऑस्टलुंड, २०२४ मध्ये जस्टिन त्रिए, २०२५ मध्ये कोराली फार्जा. गिल्डच्या पाचात यातलं कुणीही नव्हतं, अकादमीच्या पाचात सगळे होते. हा योगायोग नाही, ही त्या शाखेची आवड आहे. 'ड्यून'च्या दुनी व्हिलनव्हचं नाव २०२२ मध्ये गिल्डच्या यादीत असूनही गळलं, तेव्हा जगभर हळहळ झाली. पण जागा गेली कुणाकडे? हामागुचीकडे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा: "ज्याचं काम सगळ्यांना आवडलं तो पाचात येतोच." नाही येत. न येण्याचं कारण मोजणीत आहे आणि ती मोजणी अजिबात गूढ नाही. विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत 'पहिल्या पसंतीची मतं' आणि 'कोटा' हे शब्द आपण ऐकतो ना, जवळजवळ तीच रीत इथे आहे. मतदार एक ते पाच अशी पसंती लिहितो. जागा पाच, म्हणून एकूण मतपत्रिकांना सहाने भागायचं आणि एक मिळवायचा.

उदाहरणापुरत्या सहाशे मतपत्रिका धरू. कोटा झाला १०१. मोजणी पहिल्या पसंतीपासून सुरू होते. ज्याच्या नावाखाली १०१ पत्रिकांचा गठ्ठा झाला, त्याचं नामांकन पक्कं. मग ज्याचा गठ्ठा सर्वांत लहान तो बाद, आणि त्याच्या पत्रिका त्यांवरच्या पुढच्या नावाकडे जातात. आता अशी एक अभिनेत्री घ्या, जिला चारशे जणांनी तिसरी पसंती दिली आणि पहिली फक्त वीस जणांनी. काम सगळ्यांना आवडलं, नाराज कुणीच नाही. पण पहिल्या काही फेऱ्यांत सर्वांत लहान गठ्ठा तिचाच निघू शकतो. तसं झालं तर ती बाद, आणि त्या चारशे तिसऱ्या पसंती कुणी उघडूनही बघणार नाही. दुसरी अशी, की निम्म्या मतदारांनी तिचा सिनेमा बघितलाच नाही, पण नव्वद जणांनी तिला सगळ्यांच्या वर लिहिलं. तिला आणखी अकराच पत्रिका हव्यात.

म्हणून वहीत नाव लिहिताना "हे काम चांगलं आहे का" असं विचारून भागत नाही. "हे नाव पहिल्या क्रमांकावर कोण लिहील, आणि असे किती जण असतील" हे विचारावं लागतं. नामांकनाला सर्वांचं आवडतं असावं लागत नाही. सहातल्या एकाचं जीव की प्राण असलं तरी भागतं.

याच मोजणीतून पैशांच्या मुद्द्याचंही उत्तर मिळतं. प्रचाराला पैसा लागतो, मोठे स्टुडिओ तो ओततात आणि त्याचा परिणाम होतो, यात वाद नाही. पण पैशाने जागा पक्की होत असती तर जानेवारी २०२३ मध्ये अँड्रिया राइझबरोचं नाव वाचलं गेलं नसतं. तिच्या 'टू लेस्ली'ची तिकीटबारीवरची कमाई होती साधारण २७ हजार डॉलर. ग्लोब, बाफ्ता, नटांचं गिल्ड, कुठेच नामांकन नाही. होते ते तिचं काम बघून हललेले नट. एडवर्ड नॉर्टन, ग्वेनेथ पॅल्ट्रो, केट विन्स्लेट यांनी उघडपणे तिची बाजू घेतली, एकाने दुसऱ्याला सिनेमा बघायला लावला. नटांच्या शाखेत तेव्हा साधारण तेराशे सभासद होते. सगळ्यांनी मत दिलं असं धरलं तरी कोटा २१७ च्या आसपास येतो. तेवढी माणसं एकमेकांना सांगून गोळा होऊ शकतात, आणि झाली.

त्या नामांकनाचा आनंद निखळ नव्हता, हेही सांगायला हवं. प्रचाराच्या पद्धतीवर आक्षेप आले, अकादमीने चौकशी केली आणि नामांकन कायम ठेवलं. त्याच यादीतून 'टिल'ची डॅनिएल डेडवायलर आणि 'द वुमन किंग'ची व्हायोला डेव्हिस गळल्या. दोघींनाही गिल्डचं आणि बाफ्ताचं नामांकन होतं. कुणासाठी कोण फोन फिरवतं, कुणाच्या ओळखी कुणाशी, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. अन्याय पैशाशिवायही होतो. तो बघायचा असेल तर नजर स्टुडिओच्या तिजोरीवरून हलवून मतदाराच्या ओळखीपाळखीवर आणावी लागेल.

प्रमुख की सहायक, हे स्टुडिओ फक्त सुचवतो. नट आपल्या पत्रिकेवर नाव हव्या त्या विभागात लिहू शकतात. 'द रीडर'साठी केट विन्स्लेटचा प्रचार सहायक अभिनेत्री म्हणून झाला, ग्लोब आणि गिल्डचे पुरस्कार तिने त्याच विभागात जिंकले. ऑस्करच्या मतदारांनी तिला प्रमुखमध्ये टाकलं आणि २००९ मध्ये ती तिथे जिंकलीही. उलटं २०२१ मध्ये झालं. 'जुडास अँड द ब्लॅक मसाया'च्या लेकीथ स्टॅनफिल्डला प्रमुख म्हणून पुढे केलं होतं, नामांकन आलं ते सहायकचं.

राहिला "आपला सिनेमा ऑस्करच्या यादीत". ती यादी पात्र चित्रपटांची असते. जानेवारी २०२५ ची बघा: एकूण ३२३ चित्रपट, त्यातले सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागासाठी पात्र २०७. अमेरिकेतल्या ठरवून दिलेल्या शहरांपैकी एकात सलग सात दिवस खेळ लावले आणि कागदपत्रं वेळेत भरली, की साधारणपणे सिनेमा या यादीत येतो. निवड कुणीच केलेली नसते. ही यादी "ऑस्करसाठी निवड" म्हणून फिरवली की लोक आनंदाने पेढे वाटतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांना फसवल्यासारखं वाटतं. मला याचा खरोखर राग येतो.

ज्या यादीला अर्थ आहे ती आंतरराष्ट्रीय चित्रपटांची पंधराची यादी, जिच्यातून पाच नामांकनं निघतात. त्यासाठी प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवू शकतो. २०२४ मध्ये आपण 'लापता लेडीज' पाठवला, तो डिसेंबरात पंधराच्या बाहेर राहिला. त्या पंधरात 'संतोष' हा हिंदी सिनेमा होता, पण ब्रिटनच्या नावावर. आणि मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळवलेला पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'? आपण तो पाठवला नाही. निर्मितीत सहभागी असलेल्या फ्रान्सने तो विचारात घेतला होता, पण शेवटी 'एमिलिया पेरेझ' पाठवला.

कपाडियांना दिग्दर्शनासाठी ग्लोबचं नामांकन होतं. गिल्डच्या पाचात त्या नव्हत्या. दिग्दर्शक शाखा बाहेरचं एक नाव आत घेते, हे गेल्या काही वर्षांचं वळण ध्यानात ठेवून मी वहीत पाचव्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं होतं. २३ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी सातनंतर नावं वाचली गेली. पाचवं नाव गिल्डच्या यादीबाहेरचंच आलं. ते कोराली फार्जाचं होतं.