कॅसेट कोण रिकामी करणार?

गेल्या महिन्यात दादाचा कणकवलीहून फोन आला. त्याला एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर मिळतेय. आत पलंग, ओटा, संडास बसवायचा आणि मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना तारकर्ली, देवगड फिरवायचं, असा त्याचा बेत. आम्ही न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला राहतो आणि दर उन्हाळ्यात कॅम्परव्हॅन घेऊन साउथ आयलंडला जातो, म्हणून तो बारीकसारीक विचारत होता. बोलता बोलता संडासाच्या टाकीवर आलो. "ता कोण करतला? एक माणूस ठेवूया," दादा सहज म्हणाला. ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही.

कॅम्परव्हॅनचे फोटो पाहणाऱ्याला पुकाकी तळ्याचं निळं पाणी दिसतं. आत राहणाऱ्याचा दिवस वेगळ्याच पाण्याच्या हिशोबात जातो. इथल्या नियमाप्रमाणे गाडीत माणशी रोज ४ लिटर, असं ३ दिवसांचं पाणी मावलं पाहिजे. तेवढंच सांडपाणी साठवायला दुसरी टाकी हवी. म्हणजे आम्हा चौघांना ४८ लिटर, त्यातच पिणं, स्वयंपाक, भांडी. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत काचांवरून पाणी ओघळायला लागतं आणि अंथरुणं दमट होतात. दार उघडावं, तर वेस्ट कोस्टला सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या आत घुसतात. कुक सामुद्रधुनीच्या फेरीवर चढण्याआधी सिलिंडर बंद करायचा. कप्प्याची एक कडी लावायची राहिली, तर पहिल्याच वळणावर डबे खाली.

दोन वर्षांपूर्वी आई सोबत होती. पहिल्या दिवशी तिने तांदळाचं धुवण पातेल्यात धरून ठेवलं, जेवणानंतर खरकटी ताटं आधी कागदाने पुसली, मग त्या धुवणात बुचकळली आणि वरून जेमतेम तांब्याभर स्वच्छ पाणी फिरवलं. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली पाहिलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आमची टाकी त्या वेळी चौथ्या दिवसापर्यंत पुरली.

राहिली कॅसेट. संडासाखाली अठरा-वीस लिटरची चपटी टाकी असते, ती बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची. चौघांत ती दोन-तीन दिवसांत भरते. टे आनाऊ गावात सकाळी सातला मी आणि नवरा ती डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेवर नेतो. काँक्रीटचा उतार, मधे झाकणाचं भोक, बाजूला धुवायचा पाइप. नळी खाली वळवायची, हवेचं बटण दाबून धरायचं म्हणजे उसळत नाही, मग दोनदा विसळायची. पाच मिनिटांचं काम. आपल्या पुढे-मागे रांगेत निवृत्त शिक्षक असतो, डॉक्टर असतो. प्रत्येकाच्या हातात स्वतःचीच कॅसेट.

आपल्याकडे कास पठार असो की तारकर्ली, पर्यटकांच्या घाणीचा वाद एकाच ठिकाणी येऊन थांबतो: आपल्या लोकांना शिस्त नाही, परदेशात बघा. परदेशात बारा वर्षं काढून सांगते, हे खरं नाही. इथेही झुडपांमागे कागद आणि घाण पडत होती, गावकरी चिडले होते. २०११ साली फ्रीडम कॅम्पिंगचा, म्हणजे कॅम्पग्राउंडबाहेर सार्वजनिक जागेत फुकट मुक्काम करण्याबद्दलचा कायदा आला. तरी भागेना, म्हणून २०२३ मध्ये तो कडक केला: गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, सुटा चालणार नाही. तसं प्रमाणपत्र नसताना मुक्काम केला तर ४०० डॉलर दंड. पण दंडाबरोबर गावोगावी डंप स्टेशनं आहेत, बरीचशी फुकट. घाण टाकायला जागा दिली, मग जाब विचारला.

गोव्याने २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला दंड लावला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. दोन्हींचा हेतू मला मान्य आहे. माझा प्रश्न टाकीचा आहे. किनाऱ्यावरच्या आपल्या बहुतेक गावांत भुयारी गटार नाही. विहीर आणि शोषखड्डा हाकेच्या अंतरावर असतात. कॅसेटमध्ये वास मारायला घालतात ते रसायन सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. रात्री अंधारात ती टाकी ओढ्यात जाईल, आणि ती तिथे नेणारा हात मालकाचा नसेल.

मला टोचतं ते हे. मैला हाताने उपसायला माणूस ठेवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कॅसेट त्यात बसते की नाही, हे वकील ठरवोत. "एक माणूस ठेवूया" म्हणताना कुठल्या वाडीतला माणूस दादाच्या डोळ्यांसमोर आला, ते मला माहीत आहे आणि त्यालाही. आमची कणकवली गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धनांची. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला होता. पुढे गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचा नमुना तयार केला, मैल्याचं खत होईल आणि कुणाला तो उचलावा लागणार नाही असा. आम्ही शाळेतून गोपुरीला जायचो. तिथून एवढं तरी घेऊन यायला हवं होतं.

परवा दादाला मी डंप स्टेशनच्या उताराची मापं आणि व्हिडिओ पाठवला. गाडी घ्यायच्या आधी नगरपंचायतीत जाऊन असा एक कट्टा आणि त्याला जोडलेली वेगळी टाकी मागायची, रसायनाऐवजी जैविक पावडर वापरायची, आणि गिऱ्हाइकाला चावी देतानाच सांगायचं की कॅसेट तुम्हीच रिकामी करायची, पहिल्या वेळी मी दाखवीन. व्हिडिओत पाइप धरून आई उभी आहे. "अजून एकदा विसळ," ती मला म्हणतेय.