'काचेआड बसून': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गहू आणि बार्लीच्या जनुकांतरणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "फिल्डर गहू आणि गोल्डन प्रॉमिस बार्ली आता पेरतं कोण? त्यांच्यात जनुकं घालून शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? शिवाय निवडीसाठी घातलेलं प्रतिजैविक-रोधक जनुक तसंच राहतं. तुम्हा लोकांना काचेआड बसून शेती कळत नाही."

आधी माझी चूक. गोल्डन प्रॉमिस हे वाण मेथॉर्प या आधीच्या बार्लीच्या वाणापासून गॅमा किरणांनी घडवलं गेलं, मी क्ष-किरण लिहिलं होतं. तुम्ही दाखवलंत, दुरुस्ती केली. आभार.

पण ते शेवटचं वाक्य चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. माझा जन्म परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू कापसाच्या घरातला. कापूस विकल्याशिवाय आमच्याकडे दिवाळी होत नसे. वडील पाठीवर पंप घेऊन बोंडअळीवर फवारायला निघायचे, मी मागून पाण्याची घागर घेऊन. संध्याकाळी त्यांचे डोळे लालभडक, हात थरथरायचे. आई ताट वाढायची आणि अंगाला चिकटलेल्या औषधाच्या वासानं त्यांना घास जात नसे. हे २००२ च्या आधीचं, बीटी कापसाला देशात मान्यता मिळण्यापूर्वीचं. शेती कळते की नाही, याचा दाखला मी तुमच्याकडून घेणार नाही.

आणि ती काच काय असते तेही ऐका. इंग्लंडात सहा वर्षं मी हेच करतोय. फुलोऱ्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी गव्हाची ओंबी काढायची, दाणे निर्जंतुक करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा भ्रूण सोडवायचा. दाणा जास्त भरला तर गेला, फार कोवळा असला तरी गेला. मग त्यावर ॲग्रोबॅक्टेरियम. हा मातीतलाच जंतू, झाडाच्या बुंध्याला गाठी आणणारा. आपल्या डीएनएचा एक तुकडा तो स्वतःहून झाडाच्या पेशीत सोडतो. गाठ आणणारी जनुकं काढून तिथं आपल्याला तपासायचं जनुक ठेवलेलं असतं. दोन-तीन दिवस अंधारात, पुढे कॅलस, म्हणजे पेशींचा नुसता गोळा, मग हायग्रोमायसिन या प्रतिजैविकात तगतील त्याच पेशी, म्हणजे ज्यांत रोधक जनुक शिरलंय त्या, आणि कधीतरी एक हिरवा ठिपका. ओंबीपासून कुंडीतल्या रोपापर्यंत महिने जातात. एकदा बुरशीनं अख्खी खेप नेली, तेव्हा मला आमचं दुबार पेरणीचं वर्ष आठवलं होतं.

वाणांचं म्हणाल तर या दोन वाणांच्या ऊतींतून पूर्ण रोप पुन्हा उगवतं, इतर पुष्कळांत ते सहज होत नाही. एखादं जनुक काय करतं हे तपासायला तेवढं पुरतं. २०२० मध्ये जीआरएफ४-जीआयएफ१ या जनुकांच्या जोडीनं इतर गव्हांतही असं रोप उगवण्याचं प्रमाण वाढवता आलं, त्यावर कधीतरी लिहीन. प्रतिजैविकाच्या वादात मी पडत नाही. ते रोधक जनुक तपासायच्या जनुकापासून वेगळ्या जागी बसलं असेल तर पुढच्या पिढीत वेगळं पाडता येतं, एवढं बास.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही वयानं मोठे वाटता, म्हणून शब्द आवरतोय. पण 'तुम्हा लोकांना' म्हणण्याआधी एकदा विचारायचंत ना, की बाबा, तू कुठला? मी सांगितलं असतं. वडिलांना मी अधूनमधून प्रयोगशाळेतले फोटो पाठवतो. ते पहिलं हेच विचारतात, "रोपं किती जगली?"